मंगळवार सकाळ, साल २०४०!

एक गंमत करून बघा. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, लंच टेबलवर, शेजारच्याला विचारा, "२०४० मधला एक मंगळवार कसा असेल रे?" रविवार नाही हं! रविवार सगळ्यांचाच छान असतो. अगदी साधा, बोअरिंग, डबा भरा आणि पळा टाइप मंगळवार.

मी गेलं वर्षभर हा प्रश्न दिसेल त्याला विचारतेय. उत्तरं दोनच प्रकारची येतात. पहिल्या प्रकारात उडत्या गाड्या, भांडी घासणारा रोबो आणि कोथरूड ते हिंजवडी सात मिनिटांत. (मला तर उडती गाडी पटते, ती सात मिनिटं पटत नाहीत. असो.) दुसऱ्या प्रकारात सगळं संपलेलंच असतं. पाण्यासाठी मारामाऱ्या, पन्नास डिग्री ऊन, तोंडाला मास्क बांधून शाळेत निघालेली पोरं. हॉलिवूडने हा पिक्चर आपल्याला इतक्यांदा दाखवलाय की त्याचा सेटसुद्धा पाठ झालाय.

मधलं उत्तर मात्र कुणाकडेच नसतं. म्हणजे आपण जरा शहाण्यासारखं वागलो, बऱ्यापैकी जमलं, आणि त्यानंतर उजाडलेला मंगळवार. तो कुणी बघितलेलाच नाही! आणि जे डोळ्यांसमोरच येत नाही, त्याच्यासाठी सकाळची झोप मोडून कोण कशाला काही करेल? पेन्शन प्लॅनच्या जाहिरातीत समुद्रकिनाऱ्यावरचे हसरे आजी-आजोबा दाखवतात, ते काही उगाच नाही. आधी चित्र, मग चेक.

म्हणून मी माझा मंगळवार शोधायला निघाले. तो कुठे सापडला, माहितीये? आमच्या डस्टबिनमध्ये. नाक मुरडू नका, पुढे वाचा.

'टाकून दिलं' म्हणजे कुठे?

पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा तयार होतो. हा आकडा वाचून तुम्हाला काही वाटलं नसणार, मलाही वाटलं नव्हतं. टनांचं काय, ते वाचून आपण पान उलटतो. मग हडपसरहून सासवड रस्त्याने एकदा जाऊन या. दिवे घाटाच्या अलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं लागतात. वीकेंडला जेजुरी, पुरंदर करणाऱ्यांना हा रस्ता पाठ असेल. ज्ञानोबांची पालखीही याच रस्त्याने सासवडला जाते. आणि याच रस्त्याजवळ १९९० च्या दशकापासून आपलं, म्हणजे तुमचं-माझं, 'टाकून दिलेलं' सगळं जाऊन पडत आलंय.

कचरा कुजताना त्यातून जे काळं पाणी झिरपतं, ते जमिनीत उतरतं. या गावांच्या विहिरी त्याने नासल्या, प्यायचं पाणी टँकरने आणायची वेळ आली. आमच्या पोरांना मुली द्यायला कुणी तयार होत नाही, ही तक्रार तर गावकरी वर्षानुवर्षं करत आलेत. ज्या कचऱ्यासाठी हे सगळं सोसायचं, तो त्यांचा नाहीच! तो येतो कोथरूडमधून, औंधमधून, कोरेगाव पार्कमधून.

२०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांचा संयम संपला. त्यांनी गाड्या अडवल्या. सुमारे तीन आठवडे शहरातला कचरा शहरातच राहिला. कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग, वर मे महिन्याचं ऊन... तेव्हाचं पुणं आठवतंय ना? सगळे वैतागले होते. महापालिका काय करते, गावकरी असे काय वागतात, वगैरे वगैरे. माझं मत विचाराल तर ते तीन आठवडे पुणेकरांसाठी गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात चांगला पर्यावरणाचा क्लास होता. फी नाही, प्रोजेक्टर नाही. फक्त आपला कचरा आपल्या दारात.

पुढे जुन्या ढिगांवर बायोमायनिंगचं, म्हणजे साठलेला कचरा उकरून, चाळून, वेगळा करण्याचं काम हाती घेण्यात आलं. चांगलंच आहे. पण उकरणं हा झाला इलाज. रोज नवीन ढीग का लागतो, हा प्रश्न आपल्या किचनमध्येच सुटतो.

साधा हिशेब बघा. चौघांच्या घरात दिवसाला साधारण किलोभर ओला कचरा निघतो. भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा, काल उरलेला पास्ता. हाच किलो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिला की तो ढिगाखाली जातो, तिथे हवा लागत नाही, आणि मग कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त तापवतो. तोच किलो खेळत्या हवेत, सुक्या पानांबरोबर ठेवला की त्याचं खत होतं. कचरा एकच, हवेचा काय तो फरक!

मावशी, तुमचा बॉस कोण?

रोज सकाळी आपली बेल वाजवून कचरा नेणाऱ्या मावशींना आपण किती ओळखतो? पुण्यातल्या या बायकांची गोष्ट तर एखाद्या स्टार्टअपच्या स्टोरीला लाजवेल अशी आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्याआधी या बायका म्हणजे कचराकुंडीत वाकलेल्या आकृत्या. चोरीचा आळ यायचा, पोलीस हटकायचे, कुत्री मागे लागायची. संघटनेने पहिल्यांदा काय मिळवून दिलं असेल, तर ओळखपत्र! त्याला महापालिकेनेही मान्यता दिली.

याच संघटनेतून २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था सुरू झाली. कचरावेचकांनी कुंडीपाशी नाही, थेट आपल्या दारात यायचं, दरमहा घरटी ठरावीक पैसे घ्यायचे, ओला कचरा महापालिकेच्या गाडीत द्यायचा आणि सुका निवडून भंगारात विकायचा. आज तीन हजारांहून जास्त सभासद आहेत. म्हणजे आमच्या मावशी कुणाच्या नोकर नाहीत, त्या स्वतःच संस्थेच्या मालक आहेत. मी दहा वर्षं आयटीत घासतेय, माझ्याकडे कंपनीचे शेअर किती आहेत ते विचारू नका.

एकदा मी त्यांच्या शेजारी बसून सुका कचरा निवडताना बघितलं. पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे, पाण्याच्या बाटल्या एकीकडे. दुधाच्या पिशवीला भाव आहे, पण आपण ती आतून न धुता देतो, मग तिला वास मारतो. ऑर्डर केलेल्या बिर्याणीचे काळे डबे त्यांनी नुसतेच बाजूला सारले. आणि चिप्सची ती चकचकीत पाकिटं? त्यांच्यावर तर हातही फिरवला नाही. प्लास्टिक आणि चंदेरी पापुद्रा एकमेकांना चिकटलेले असतात, वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला विचारत नाही.

"तुमी दहा रुपयाला घेता, आमाला दहा पैशेबी येत न्हाईत," मावशी म्हणाल्या. कुठल्याही डिझाइन कॉलेजात शिकवावं असं वाक्य आहे हे.

पृथ्वी वाचवायला कुणीच आलं नाही

आमची सोसायटी अठ्ठेचाळीस फ्लॅट्सची. मागच्या बाजूला, जनरेटरच्या शेजारी, खताचे चार हौद बिल्डरने बांधून दिलेले. परवानगीसाठी दाखवायला लागतात म्हणून! त्यात जुन्या फरशा, एक मोडकी सायकल आणि मागच्या गणपतीची मखर. तुमच्याही सोसायटीत असेच हौद असतील, बघून या.

नोटीस बोर्डावर पोस्टरं होतीच. तापलेली पृथ्वी, वितळणारा बर्फ, एकटं पडलेलं पांढरं अस्वल. कमिटीने हौसेने लावलेली. कुणी वाचून कधी हललं नाही. आता, कोथरूडमधल्या माणसाने अस्वलासाठी टोमॅटोचा चोथा वेगळा का ठेवावा? कनेक्शनच लागत नाही.

हौद सुरू व्हायला कारण झालं दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं. त्यांना मोगऱ्यासाठी खत हवं होतं आणि नर्सरीतली पाच किलोची पिशवी त्यांना 'अगदी लूट' वाटत होती. त्या कमिटीच्या मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घरचं असताना विकत का आणायचं?" संपला विषय!

मग बाकीचे आले, प्रत्येकजण आपापल्या कारणाने. खजिनदार काकांना कळलं की गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यातलं काही प्रकल्प म्हणून नीट चालवलं तर महापालिका मालमत्ता करात पाच ते दहा टक्के सवलत देते. काकांनी त्याच रात्री एक्सेल शीट केली. पोरं आली ती गांडुळं बघायला. तिसऱ्या मजल्यावरचे बॅचलर्स आले, कारण आजींनी त्यांना दमच दिला. एक मॅडम 'आमच्या लॉबीत वास आला तर मी कम्प्लेंट करणार' असं सांगायला आल्या आणि वास येत नाही ना, हे तपासायला रोज येऊ लागल्या. आता हौदाचं सगळ्यात जास्त त्यांनाच कळतं.

पृथ्वी वाचवायला मात्र कुणीही आलं नाही. आणि मला वाटतं, तेच बरं झालं. लोकांना आधी त्यांचं कारण विचारावं, आपलं सांगू नये. पर्यावरणवाल्या मित्रमंडळींची (मीही त्यातलीच) एक खोड असते, समोरच्याने योग्य गोष्ट योग्य कारणासाठीच करायला हवी. का बुवा? मोगऱ्यासाठी केलेलं खत आणि पृथ्वीसाठी केलेलं खत यांचा वास सारखाच असतो, पहिल्या पावसातल्या मातीसारखा.

तर टेक्निकल भाग, थोडक्यात. हौदाच्या तळाशी सुक्या काड्या आणि नारळाच्या शेंड्या. वर ओला कचरा, त्यावर तितकाच सुका पाला, मग थोडं जुनं खत. त्याला आमच्याकडे सगळे 'विरजण' म्हणतात, आणि ते तसंच काम करतं. दोन-तीन दिवसांनी वरखाली हलवायचं. आत हात घातला तर चक्क गरम लागतं, जिवाणू कामाला लागलेत याची ती खूण. वास येतो तो फक्त पाणी जास्त झालं आणि हवा कमी पडली की. अशा वेळी पाला वाढवायचा, बस्स. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार. हे सगळं काम मावशी बघतात आणि त्याचे त्यांना वेगळे पैसे मिळतात. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. जिथे हे काम 'आपण सगळे मिळून आळीपाळीने' करायचं ठरतं, तिथे तिसऱ्या आठवड्यात आळीही संपते आणि पाळीही.

ज्यांच्याकडे हौद नाही त्यांच्यासाठी बाल्कनीतला मडक्यांचा सेट आहे, टेरेसवरचा ड्रम आहे. शिवाय आपल्या पुण्याच्याच 'आरती' संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, घरगुती उष्ट्या-खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस प्लँट तयार केला होता. त्याला २००६ मध्ये अॅशडेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे टेक्नॉलॉजीची वाट बघत बसायची गरज नाही. ती येऊन केव्हाची दारात उभी आहे.

'एवढ्याने काय होणार?' हा प्रश्न पार्टीत हमखास येतो. कारखाने बघा, विमानं बघा, चीन बघा. बघितलंच पाहिजे, हा मुद्दा खोटा नाही. पण अठ्ठेचाळीस घरांचा रोजचा एकेक किलो म्हणजे वर्षाला साडेसतरा टन, दोन ट्रक भरतील इतका माल. ते दोन ट्रक आमच्या गेटमधून बाहेरच गेले नाहीत तर उरुळीच्या माणसाला कळणारही नाही. पण पुण्यात अशा सोसायट्या किती आहेत, तो गुणाकार तुम्हीच करा.

लाल ठिपका

कोजागिरीला गच्चीवर बायकांची मसाला दूध पार्टी होती. आजींनीच मावशींना बोलावलं आणि म्हणाल्या, "काय ते सांग गं एकदा यांना." मावशी आधी लाजल्या. मग सरळ बोलल्या. वापरलेले पॅड लोक तसेच टाकतात, कचऱ्यात मिसळून, कधी दुधाच्या पिशवीत. निवडताना हाताला लागतात. लहान मुलांचे डायपर तसेच. ब्लेड, फुटलेली काच, इंजेक्शनच्या सुया... बोट कापलं की दोन दिवस काम बंद.

"कागदात गुंडाळा आन् वर लाल खूण करा. मंग आमाला कळतं, ही पुडी उघडायची न्हाई." एवढंच मागणं.

गच्चीवर कुणीच बोलेना. शेअर मार्केटपासून मेनोपॉजपर्यंत सगळ्यावर गप्पा मारणाऱ्या आम्ही बायका, या विषयावर कधी बोललोच नव्हतो. २०१३ मध्ये याच कचरावेचक महिलांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिल्या होत्या! 'तुमचा माल, तुम्हीच बघा काय करायचं ते.' २०१६ च्या घनकचरा नियमांत, अशी उत्पादनं बनवणाऱ्यांनी ती गुंडाळायला सोबत पाऊच द्यावेत, असं आलं. आजही पॅकेट घेताना मी बघते, आत सुटी पाऊच आहे का. कुठे असते, कुठे नसते. दुकानदाराला विचारलं की तो इकडे तिकडे बघतो. मी मुद्दाम जरा मोठ्याने विचारते.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एक लाल स्केचपेन दोऱ्याने बांधून ठेवलेलं होतं. कुणी बांधलं, आजवर कळलेलं नाही. वॉचमनला वाटलं पोरांनी विसरलंय.

तर, तो मंगळवार...

आता माझ्याकडे चित्र आहे. साडेसहाला बेल वाजते. मावशींच्या जागी एक तरुण मुलगी असते, हातात ग्लोव्हज, अंगावर स्वच्छ युनिफॉर्म, पीएफ आणि मेडिक्लेम दोन्ही चालू. ती हाताने काहीच निवडत नाही, कारण निवडायचं आम्हीच निवडून ठेवलेलं असतं. मावशींची नात वेगळंच काहीतरी शिकतेय, किंवा याच संस्थेचे अकाउंट्स बघतेय, तिची मर्जी. चिप्सचं पाकीट एकाच जातीच्या प्लास्टिकचं असतं आणि कंपनी ते परत घेते. 'उत्पादकाची जबाबदारी' हे शब्द प्लास्टिकच्या नियमांत २०११ पासून आहेतच, २०४० पर्यंत ते कागदावरून दुकानात उतरायला हरकत नाही. लंचचं पार्सल स्टीलच्या डब्यात येतं आणि डबा परत जातो. मुंबईचे डबेवाले हे शतकाहून जास्त काळ करतायत, त्यात काही रॉकेट सायन्स नाही.

आणि उरुळीत कुणीतरी विहिरीवर मोटर चालू करतं, पाण्याला वास येत नाही, ते पाणी वांग्याला जातं, आणि ते वांगं मार्केट यार्डातून आमच्या घरी येतं. देठ परत हौदात.

ट्रॅफिक असेलच. मी आशावादी आहे, भोळी नाही.

तुमचा मंगळवार वेगळा असेल. त्यात कचरा नसेलही. सायकल असेल, नदी असेल, टँकर न येणारी तुमच्या वाघोलीतली सोसायटी असेल. पण तो तपशिलात रंगवा. किती वाजता, कोण, कशाचा वास, काय आवाज. आणि मग तो कुणाला तरी सांगा. नुसतं 'आपण काहीतरी केलं पाहिजे यार' यापेक्षा हे ऐकायला लोकांना जास्त आवडतं, हा माझा वर्षभराचा अनुभव. आमच्या टीममधल्या दोघांनी स्वतःच्या सोसायटीतले हौद शोधून काढलेत. एकीच्या हौदात तर जुना टीव्ही सापडला.

सध्या आमचा एकच प्रॉब्लेम आहे, सुका पाला. जानेवारी सरता सरता पुण्यातली झाडं पानं गाळायला लागतात आणि रस्त्याकडेला ती पेटवायची स्पर्धा सुरू होते. सकाळी वॉकला गेलात तर धूर दिसेल. इकडे हौदाला मात्र वर्षभर पाला लागतो. पुण्यात २०१६ मध्ये 'ब्राऊन लीफ' हा उपक्रम याच कारणासाठी सुरू झाला. ज्यांच्याकडे पानं जास्त त्यांनी ती जाळायची नाहीत, ज्यांना हवीत त्यांना द्यायची. आम्ही यंदा वीस रिकामी पोती जमवलीत, तांदळाची, सिमेंटची, मिळेल ती. आजींनी पार्किंगमधली एक जागा अडवून ठेवलीय आणि तिथे गाडी लावणाऱ्या काकांशी त्यांचं सध्या बोलणं बंद आहे. पिंपळ आणि वडाची पानं लवकर कुजत नाहीत, ती आधी चुरडून घ्या. बदामाची चालतात. आणि पोती भरताना वरून दाबू नका, हवा राहू द्या.